अपस्माररोधी औषधांचे पचनविषयक दुष्परिणाम

अपस्मार (फेफरे, मिरगी) या विकारात येणारे झटके थांबविण्यासाठी जी औषधे दीर्घकाळ दिली जातात, त्यांच्यामुळे अन्नमार्गात व त्याच्याशी निगडित इंद्रियांत उद्‌भवणाऱ्या त्रासांना पचनविषयक दुष्परिणाम म्हणतात. मळमळ, उलटी, पोटात जळजळ वा दुखणे, अतिसार, बद्धकोष्ठता, भुकेतील व वजनातील बदल आणि क्वचित यकृत व अग्निपिंड यांना होणारी इजा यांचा त्यांत समावेश होतो. बहुतेक लक्षणे सौम्य असतात, औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दिसतात आणि मात्रा, वेळ किंवा औषधाचे स्वरूप बदलल्याने आटोक्यात येतात. थोडी लक्षणे मात्र गंभीर विषाक्ततेची पूर्वसूचना असतात. या दोहोंतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. कारण सौम्य त्रासामुळे औषध एकाएकी सोडल्यास झटके पुन्हा सुरू होतात आणि गंभीर त्रास सौम्य समजून सहन केल्यास प्राणावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सु. ५ कोटी लोकांना अपस्मार असून त्यांपैकी सु. ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व नियमित औषध यांच्या साहाय्याने सु. ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. हा लाभ औषधाच्या अखंडपणावर अवलंबून असतो. रक्तातील औषधाचे प्रमाण आवश्यक पातळीच्या खाली गेले की, संरक्षण कमी होते. औषध अचानक बंद केल्यास झटका लांबण्याचा किंवा शुद्धीवर न येता एकामागून एक झटके येण्याचा (सतत अपस्मारावस्थेचा) धोका असतो. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम व क्लोनाझेपाम ही औषधे एकाएकी बंद केल्यास हा धोका विशेष असतो. म्हणून एरवी किरकोळ वाटणारी पोटाची तक्रार अपस्माराच्या रुग्णाच्या बाबतीत उपेक्षणीय ठरत नाही [→ अपस्मार].

इतिहास : अपस्मारावर उपयुक्त ठरलेले पहिले आधुनिक औषध म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड होय. इंग्लंडमधील वैद्य सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये त्याचा उल्लेख केला. हे लवण जठराच्या श्लेष्मकलेचा (आतील अस्तराचा) क्षोभ करीत असे. ते शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडत असल्यामुळे त्याचे प्रमाण साठत जाऊन सुस्ती, पुरळ व मानसिक गोंधळ ही लक्षणे उत्पन्न होत. १९१२ मध्ये जर्मन वैद्य आल्फ्रेट हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनाचा उपयोग दाखवून दिला. १९३८ मध्ये एच्. ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पटनम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी फेनिटॉइनाची उपयुक्तता प्रसिद्ध केली आणि लगेच १९३९ मध्ये या औषधाने हिरड्या वाढतात, हेही नोंदले गेले.

व्हॅल्प्रोइक अम्ल १८८२ मध्येच तयार करण्यात आले होते. परंतु बरीच वर्षे त्याचा उपयोग केवळ विद्रावक (इतर पदार्थ विरघळविणारा द्रव) म्हणून होत असे. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत फ्रान्समध्ये प्येर एमार हे इतर संयुगांची परीक्षा करीत असता निरनिराळी संयुगे सारखाच गुण दाखवितात, असे आढळले आणि हा गुण विद्रावकाचाच आहे, हे उघड झाले. हे संशोधन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले व १९६७ मध्ये फ्रान्समध्ये औषध विक्रीस आले. साध्या व्हॅल्प्रोइक अम्लाने होणारा जठराचा त्रास कमी करण्यासाठी त्याची लवणे, आंत्रलेपित गोळ्या व सावकाश मुक्त होणारे प्रकार पुढे तयार करण्यात आले. या औषधाचा वापर विस्तृत असल्यामुळे व त्याचे पचनविषयक परिणाम सर्व प्रकारचे असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्याचे विवेचन अधिक विस्ताराने केले आहे.

उत्पत्ती : हे दुष्परिणाम मुख्यतः चार मार्गांनी उद्‌भवतात. (१) स्थानिक क्षोभ : गोळी विरघळताना औषधाचा जठराच्या श्लेष्मकलेशी थेट संपर्क येतो. त्यामुळे जळजळ, कळ व मळमळ होते. व्हॅल्प्रोइक अम्ल व इथोसक्सिमाइड ही याची ठळक उदाहरणे होत. (२) मेंदूवरील क्रिया : लंबमज्जेतील (मेंदूच्या सर्वांत खालच्या भागातील) एक क्षेत्र रक्तातील रासायनिक बदलांना संवेदनशील असते. औषधाचे प्रमाण वाढले की, ते उद्दीपित होऊन उलटीची प्रेरणा उत्पन्न होते. निमस्तिष्क (छोटा मेंदू) व अंतर्कर्णाशी निगडित समतोल यंत्रणा यांवर परिणाम झाला, तर भोवळीबरोबर मळमळ येते. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन व लॅकोसामाइड यांच्या बाबतीत हा मार्ग महत्त्वाचा असतो. (३) भूक व चयापचय (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक घडामोडी) यांतील बदल : काही औषधांनी भूक वाढते, तर काहींनी मंदावते. (४) यकृत व अग्निपिंड यांची इजा : ही विरळा आढळते व तिचे नेमके भाकीत करता येत नाही. मात्रा सामान्य असतानाही ती उद्‌भवू शकते.

पहिल्या तीन प्रकारांत औषध चालू ठेवून उपाय करण्यास बहुधा वाव असतो. चौथ्यात रुग्णालयीन तपासणी तातडीने करावी लागते.

कालसंबंध : त्रास कोणत्या मार्गाने होत आहे, याचा पुष्कळसा उलगडा वेळेवरून होतो. गोळी गिळल्यावर थोड्याच वेळात जळजळ वा मळमळ होत असेल आणि जेवणानंतर घेतलेल्या मात्रेने ती होत नसेल, तर कारण बहुधा स्थानिक असते. मात्रा घेतल्यावर एक ते काही तासांनी मळमळ होऊन तिच्याबरोबर भोवळ, एकाची दोन दृश्ये दिसणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे असतील, तर त्या वेळी रक्तातील प्रमाण शिखरावर असते, असे समजावे. व्हॅल्प्रोएटाचे पातळ औषध घेतल्यावर हे शिखर साधारणपणे १-२ तासांत येते. आंत्रलेपित गोळी उपाशीपोटी घेतल्यास ते सु. ४ तासांनी व जेवणाबरोबर घेतल्यास त्याहून उशिरा येते. त्रासाचा मात्रेच्या वेळेशी काहीच संबंध नसेल, तो दिवसभर टिकत असेल आणि त्याच्याबरोबर सुस्ती, अन्नद्वेष किंवा तीव्र पोटदुखी असेल, तर यकृत, अग्निपिंड किंवा रक्तातील अमोनिया यांचा विचार करावा लागतो.

म्हणून रुग्णाने किंवा घरातील व्यक्तीने औषधाची वेळ, जेवणाची वेळ, त्रासाची वेळ व आलेले झटके यांची आठ-दहा दिवसांची नोंद एका वहीत ठेवणे अतिशय उपयुक्त असते. ‘औषध सोसत नाही’ एवढ्या तक्रारीवरून वैद्याला फारसा निर्णय घेता येत नाही; ‘सकाळच्या गोळीनंतर दोन तासांनी गरगरते व मळमळते, रात्रीच्या गोळीने होत नाही’ अशा माहितीवरून मात्रेची विभागणी लगेच बदलता येते.

निरनिराळ्या औषधांचे परिणाम : सोडियम व्हॅल्प्रोएटामुळे आरंभी मळमळ, उलटी, पोटात कळ व क्वचित अतिसार होतो; हे परिणाम आंत्रलेपित प्रकारात कमी आढळतात. काही महिन्यांनंतर भूक व वजन वाढण्याची तक्रार पुढे येते. यकृताची इजा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते. अमेरिकेतील १९७८–८४ या काळातील नोंदींची १९८७ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत यकृताच्या प्राणघातक इजेचे प्रमाण दोन वर्षांखालील व एकाहून अधिक अपस्माररोधी औषधे घेणाऱ्या बालकांत सु. ५०० मध्ये १ असे, तर केवळ हेच औषध घेणाऱ्या रुग्णांत सु. ३७,००० मध्ये १ असे आढळले. कलकणूंच्या (कोशिकांतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या) काही आनुवंशिक विकारांत हा धोका फार वाढतो. अग्निपिंडाचा शोथ (दाहयुक्त सूज) मात्र उपचाराच्या कोणत्याही टप्प्यावर उद्‌भवू शकतो. यकृताच्या इतर चाचण्या प्राकृत असतानाही रक्तातील अमोनिया वाढून उलट्या व गुंगी येऊ शकते. बरोबर टोपिरामेट दिले जात असल्यास ही शक्यता वाढते.

कार्बामाझेपीन पूर्ण मात्रेत एकदम सुरू केल्यास मळमळ, भोवळ व दुहेरी दृष्टी हमखास होते. हे औषध यकृतातील एंझाइमांना (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना) चेतना देऊन स्वतःचाच निचरा वाढविते व ही क्रिया पूर्ण होण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात न सोसणारी मात्रा महिन्याभराने सहज सोसते. तोंडाला कोरड पडणे व बद्धकोष्ठता याही तक्रारी आढळतात. कार्बामाझेपीन व विशेषतः ऑक्सकार्बाझेपीन यांमुळे रक्तातील सोडियम कमी होऊ शकते. मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपण ही त्याची लक्षणे असून ती वृद्धांत व मूत्रल औषधे (लघवीचे प्रमाण वाढविणारी औषधे) घेणाऱ्यांत अधिक आढळतात. ही मळमळ पोटाची समजून नुसते पाणी भरपूर पीत राहिल्यास सोडियम आणखी घटते.

फेनिटॉइनाचा यकृतातील निचरा एका मर्यादेनंतर वाढू शकत नाही. त्यामुळे मात्रेत थोडीशी वाढ केली, तरी रक्तातील प्रमाण एकदम चढून मळमळ, उलटी, डोळ्यांची थरथर व तोल जाणे ही विषाक्ततेची लक्षणे दिसू शकतात. या औषधाचे पातळ मिश्रण न हलविता घेतल्यास वरच्या थरात औषध कमी व तळाशी अधिक येते. परिणामी बाटलीच्या आरंभी झटके व शेवटी उलट्या असा प्रकार घडू शकतो. हिरड्यांची वाढ रोखण्यासाठी दातांची स्वच्छता कसोशीने ठेवावी लागते.

इथोसक्सिमाइडाने पोटदुखी, मळमळ व उचकी होते. मात्रा विभागून अन्नाबरोबर दिल्यास ती बरीच कमी होते. टोपिरामेट व झोनिसामाइड यांनी भूक मंदावून वजन घटते. मूतखडे होण्याचीही शक्यता असल्याने पाणी पुरेसे घ्यावे लागते. टोपिरामेटामुळे वायुमिश्रित पेयांची चव बदलल्याची तक्रार विशेष प्रसिद्ध आहे. क्लोबाझाम व क्लोनाझेपाम यांनी लाळ वाढते. गाबापेंटीन व प्रीगॅबालीन यांनी वजन वाढते व बद्धकोष्ठता होते. काही दुःसाध्य बाल-अपस्मारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या कॅनॅबिडिऑलाने अतिसार व भूक मंदावणे हे परिणाम वारंवार दिसतात. लेव्हेटिरासिटाम व लॅमोट्रिजीन यांचे पचनविषयक परिणाम सामान्यतः सौम्य असतात.

उपाययोजना : मात्रा. अल्प मात्रेने आरंभ करून ती टप्प्याटप्प्याने वाढविणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंधक उपाय होय. त्रास झाल्यास वैद्याच्या सल्ल्याने वाढीचा वेग कमी करता येतो, दिवसाची मात्रा दोनाऐवजी तीन वेळा विभागता येते, मोठा भाग रात्री झोपताना देता येतो किंवा सावकाश मुक्त होणारा प्रकार निवडता येतो. सावकाश मुक्त होणाऱ्या प्रकाराने रक्तातील प्रमाणाचे शिखर बसके होते व शिखराच्या वेळी येणारी भोवळ व मळमळ कमी होते.

अन्न. जठराचा क्षोभ करणारी औषधे जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यावीत. अन्नामुळे व्हॅल्प्रोएटाच्या शोषणाचा वेग मंदावतो. परंतु शोषले जाणारे एकूण प्रमाण फारसे घटत नाही. पहाटे कामावर जाणारे अनेक रुग्ण नुसत्या चहाबरोबर गोळी घेतात व तासाभराने मळमळ होते, अशी तक्रार करतात. चहा म्हणजे अन्न नव्हे. अर्धी भाकरी, पोळी, भात किंवा केळे एवढा आधार असला, तरी फरक पडतो. गोळी पुरेशा पाण्याबरोबर घ्यावी व घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. मळमळीच्या काळात थोडे थोडे व वारंवार खावे आणि तेलकट, तिखट पदार्थ कमी करावेत. औषध व अन्न यांचा क्रम रोज सारखा ठेवणे हितावह असते.

गोळीचे स्वरूप. आंत्रलेपित गोळीवरील लेप जठरात न विरघळता आतड्यात विरघळतो. अशी गोळी चावल्यास, कुटल्यास किंवा मोडल्यास तो लेप निकामी होतो व ज्या त्रासासाठी लेप दिला, तोच त्रास सुरू होतो. सावकाश मुक्त होणारी गोळी कुटल्यास सबंध मात्रा एकदम शोषली जाते. मधोमध रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात. तथापि हे औषधविक्रेत्यास विचारूनच करावे. गोळी गिळता येत नसल्यास पातळ औषध किंवा कणिका यांची मागणी करावी. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून त्याच्या गोळ्या वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवू नयेत. सावकाश मुक्त होणाऱ्या काही प्रकारांत गोळीचे रिकामे कवच शौचावाटे बाहेर पडते. त्यातील औषध आधीच शोषले गेलेले असते, हे माहीत नसल्यास रुग्ण घाबरून दुसरी मात्रा घेतो. मात्र तीव्र अतिसारात असे अवशेष वारंवार दिसू लागल्यास शोषण अपुरे होत असल्याची शक्यता असते व वैद्यास कळविणे जरूर असते.

उलटी. मात्रा घेतल्यावर थोड्याच मिनिटांत उलटी झाली किंवा उलटीत गोळी स्पष्ट दिसली, तर ती मात्रा पुन्हा देण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. बराच वेळ उलटून गेला असल्यास औषध शोषले गेले असण्याचा संभव असतो व पुन्हा दिल्यास मात्रा दुप्पट होते. ही मर्यादा औषधागणिक भिन्न असल्यामुळे आपल्या औषधाविषयी वैद्यास आगाऊ विचारून वहीत लिहून ठेवावे. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढील मात्रा दुप्पट घेऊ नये. औषध पोटात टिकतच नसेल, तर घरी वाट पाहू नये. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, लॅकोसामाइड, फेनोबार्बिटोन इ. औषधे रुग्णालयात शिरेवाटे देता येतात.

अतिसार व बद्धकोष्ठता. अतिसारात मीठ-साखर-पाण्याचे प्रमाणित मिश्रण (जलसंजीवनी) द्यावे व अपस्माराचे औषध नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. बद्धकोष्ठतेसाठी पालेभाज्या, फळे, कोंड्यासह धान्य, पुरेसे पाणी व चालणे हे प्राथमिक उपाय होत. इसबगोल घ्यावयाचे झाल्यास ते व औषध यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

वजन. व्हॅल्प्रोएट सुरू करताना वजन नोंदवून ते दरमहा पाहावे. वाढ लक्षात येताच गोड व तळलेले पदार्थ कमी करणे व नियमित व्यायाम यांचा उपयोग होतो. एकदा वाढलेले वजन उतरविणे कठीण असते. भूक मंदावणाऱ्या औषधांच्या बाबतीत मुलांची उंची व वजन या दोहोंवर लक्ष ठेवावे लागते.

पोटाच्या इतर औषधांपासून धोका : अपस्माराचा रुग्ण पोटाच्या तक्रारीसाठी परस्पर औषध घेतो, तेव्हा एक निराळाच धोका उद्‌भवतो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम वा कॅल्शियमयुक्त अम्लविरोधी औषधांमुळे फेनिटॉइन व गाबापेंटीन यांचे शोषण घटते; त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सिमेटिडिनाने फेनिटॉइन व कार्बामाझेपीन यांचे रक्तातील प्रमाण वाढते. एरिथ्रोमायसीन व क्लॅरिथ्रोमायसीन या प्रतिजैविकांनी कार्बामाझेपिनाचे प्रमाण वाढून उलट्या व भोवळ सुरू होऊ शकते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडाने फेनिटॉइन व कार्बामाझेपीन या दोहोंचे प्रमाण वाढते. भारतात क्षयरोग सर्वत्र आढळत असल्यामुळे ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. जुलाबासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनासारख्या औषधांनी झटक्याची प्रवृत्ती वाढू शकते. उलटी थांबविणाऱ्या काही औषधांबाबतही, विशेषतः प्रोक्लोरपेराझिनाच्या गटातील औषधांबाबत, हीच सावधगिरी आवश्यक असते. यास्तव कोणत्याही दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात गेल्यावर ‘मी अपस्माराचे अमुक औषध घेतो’ हे प्रथम सांगावे.

विशेष परिस्थिती : बालके. व्हॅल्प्रोएटाच्या कणिका थंड, मऊ अन्नावर (उदा., दही, निवविलेला मऊ भात किंवा कुस्करलेले केळे) घालून न चावता गिळण्यास द्याव्यात व मिश्रण पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. पातळ औषध घरच्या चमच्याने न मोजता मापाच्या पेल्याने किंवा पिचकारीने मोजावे. नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णास फेनिटॉइन देताना आहार व औषध यांत १-२ तासांचे अंतर ठेवावे लागते. अन्यथा शोषण फार कमी होते.

उपवास. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रमजान या काळात मात्रा उपाशीपोटी घेतली जाते किंवा वगळली जाते. व्रताच्या काळात जागरण घडल्यास झटक्याची शक्यता आणखी वाढते. उपवासाचा पदार्थ, दूध किंवा फळ यांच्याबरोबर गोळी घेणे, हा मार्ग बहुतेकांस पटण्यासारखा असतो. रोजा ठेवणाऱ्यांनी दिवसातून एकदा वा दोनदा घ्यावयाच्या प्रकाराविषयी वैद्याशी आधीच विचारविनिमय करावा.

गर्भारपण. गर्भारपणातील उलट्यांमुळे मात्रा वाया जाते. शिवाय या काळात शरीरातून होणारा औषधाचा निचरा वाढून लॅमोट्रिजिनासारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते. व्हॅल्प्रोएटामुळे गर्भात जन्मजात विकृती होण्याचे प्रमाण सु. १० टक्के असून बौद्धिक विकासावरही गंभीर परिणाम होत असल्याने अपत्यक्षम वयात ते शक्यतो टाळले जाते. तथापि गर्भधारणा झाल्याचे कळताच घाबरून औषध स्वतःहून बंद करणे माता व गर्भ या दोघांनाही घातक ठरू शकते. अशा वेळी त्वरित तज्ञाकडे जावे. औषधातील बदल गर्भधारणेपूर्वीच करून घेणे श्रेयस्कर असते.

गुप्तता. अपस्माराविषयीच्या सामाजिक कलंकामुळे, विशेषतः विवाहानंतर, आजार लपविला जातो. गोळी चोरून, मिळेल त्या वेळी व उपाशीपोटी घेतली जाते. उलटी झाली, तर तिचे खरे कारण सांगता येत नाही आणि अखेरीस औषध सुटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायद्यातील हा बदल घराघरांत माहीत होणे, हे औषधाच्या नियमितपणासाठीही आवश्यक आहे.

धोक्याची लक्षणे : पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. (१) वारंवार उलट्या, अन्नद्वेष व वाढती सुस्ती यांचा एकत्र आढळ. (२) डोळे वा त्वचा पिवळी होणे, लघवी गडद होणे, चेहऱ्यावर सूज येणे. (३) पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र वेदना. (४) रक्ताची उलटी किंवा काळा शौच. (५) गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे. (६) अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड. (७) पूर्वी आटोक्यात असलेले झटके पोटाच्या त्रासाबरोबर पुन्हा सुरू होणे. शेवटचे लक्षण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बालकांत यकृताच्या इजेचे पहिले चिन्ह असू शकते; ते केवळ ‘औषध कमी पडते’ असे समजून मात्रा वाढविल्यास हानी होते. रुग्णालयात यकृताच्या चाचण्या, रक्तातील अमोनिया, सोडियम, अग्निपिंडाची एंझाइमे व औषधाचे प्रमाण तपासले जाते. यकृताची वा अग्निपिंडाची इजा सिद्ध झाल्यास व्हॅल्प्रोएट तत्काळ बंद करून त्याच्या जागी दुसरे औषध दिले जाते व आवश्यकतेनुसार कार्निटीन देतात. असा प्रसंग एकदा घडल्यावर ते औषध त्या रुग्णास पुन्हा देत नाहीत. ही माहिती रुग्णाच्या कागदपत्रांवर ठळकपणे लिहिलेली असावी.

पाच मिनिटांहून अधिक चालणारा झटका किंवा शुद्धीवर न येता लागोपाठ येणारे झटके यांत तातडीची मदत घ्यावी. अशा प्रसंगासाठी नाकात फवारावयाचे मिडाझोलाम घरी ठेवण्याचा सल्ला वैद्य अनेकदा देतात. पोटाच्या विकारामुळे मात्रा चुकत असलेल्या दिवसांत ते हाताशी आहे, याची खात्री करून घ्यावी.

औषध बदलणे : वरील सर्व उपाय करूनही त्रास टिकून राहिल्यास दुसरे औषध निवडणे योग्य असते. आजमितीस वीसहून अधिक अपस्माररोधी औषधे उपलब्ध असल्यामुळे एखादे न सोसणे म्हणजे उपचारच संपणे नव्हे. मात्र बदल करताना सामान्यतः नवे औषध हळूहळू वाढवीत जुने हळूहळू कमी केले जाते आणि या संक्रमणास काही आठवडे लागतात. त्या काळात वाहन चालविणे, पोहणे, उंचावर काम करणे व उघड्या चुलीजवळ एकटे स्वयंपाक करणे टाळावे. रुग्णाने आपली नोंदवही घेऊन वैद्याकडे जावे व बदल निश्चित होईपर्यंत पूर्वीचे औषध चालू ठेवावे.